थ्री हाउसेस, ब्लू लायन्स, मॅडनिंग: जीव लावलेली पोरं ठेवू की टियर लिस्टवाली घेऊ?

रात्रपाळीवाला

मंडळी, फायर एम्ब्लेम थ्री हाउसेस, म्हणजे पाळीपाळीने पात्रं हलवून लढायच्या त्या स्ट्रॅटेजी गेमचा प्रश्न आहे. गेम 2019 चा आहे, लोकांचे चारही रूट कधीच झालेत, माहितीये मला. पण आपल्याकडे स्विच कुणाच्या तरी बॅगेतून येतो आणि कार्ट्रिज कुणीतरी विकायला काढलं की मग आपण घ्यायचं, त्यामुळे उशीर होणारच. मठातल्या शाळेच्या तीन हाउसेसपैकी गोल्डन डियर नॉर्मलवर झालं, ब्लॅक ईगल्स हार्डवर झालं, आता ब्लू लायन्स घेऊन थेट मॅडनिंगला, म्हणजे सगळ्यात अवघड मोडला बसलोय. न्यू गेम प्लस नाही, कोरी पाटी. सातव्या चॅप्टरला आलोय, म्हणजे ग्रॉन्डरची ती तिन्ही हाउसेसची लुटुपुटूची लढाई, जी मॅडनिंगवर अजिबात लुटुपुटूची नाहीये.

तर मुद्दा असा की मला ॲश ठेवायचाय. तिसऱ्या चॅप्टरमध्ये त्या पोराला ज्या लोनाटोने घरात घेतलं, वाढवलं, त्याच्याच विरुद्ध धुक्यात धनुष्य घेऊन उभं करतात, आणि पुढच्या महिन्यात हा परत मठाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना खायला करतोय, शूरवीरांच्या गोष्टी वाचतोय. असल्या पोराला बेंचवर कसं बसवायचं सांगा. तसाच डेडू. तशीच ॲनेट. आणि नेमके हेच तिघं प्रत्येक टियर लिस्टमध्ये, म्हणजे कोण किती भारी त्या क्रमवारीत, खालच्या अंगाला. ॲशला स्ट्रेंथ नाही, डेडू हळू आहे, ॲनेटला फुंकर मारली तरी पडते. वर सगळे सांगतात की दुसऱ्या हाउसमधून लिसिथिया पळवून आण, शमीर आण, उरलेल्या सगळ्यांना वायव्हर्नवर (उडत्या ड्रॅगनवर) बसव आणि मॅप संपव. मग मी गेम खेळतोय की एक्सेल शीट भरतोय?

तर प्रश्न दोन. एक, मॅडनिंगवर हे तिघं खरंच चालत नाहीत का, की लोक एकमेकांचं वाचून तेच तेच लिहितात? आणि दोन, या गेमचा बॅलन्स मुळातच गंडलाय असं तुम्हाला वाटतं का? स्पॉयलर चालतील, ब्लॅक ईगल्सच्या एडेलगार्डची बाजू घेऊन खेळून झालंय त्यामुळे आता धक्का बसायचं काही उरलेलं नाही.

वायव्हर्नवाली_वहिनी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

बॅलन्स गंडलाय, पण पात्रांचा नाही, क्लासचा, म्हणजे पात्राला आपण जो लढायचा पेशा देतो त्याचा. आणि क्लासमध्येही खरं भांडण एकाच गोष्टीवर आहे, ते म्हणजे मूव्हमेंट. वायव्हर्न लॉर्ड उडतो, लांब जातो, डोंगर-नदी-भिंत काही आड येत नाही, आणि कॅन्टो असल्यामुळे हल्ला करून उरलेल्या पावलांत परत सुरक्षित जागी येतो. शिवाय हातात कुऱ्हाड. जुन्या गेममध्ये कुऱ्हाडीला तलवार भारी पडायची, तलवारीला भाला, असा तो वेपन ट्रँगल होता, तो इथे काढून टाकलाय. म्हणजे कुऱ्हाडीला जी एक वेसण होती ती गेली आणि तिचा मोठा डॅमेज तेवढा राहिला. आता तूच सांग, तलवार घेऊन पायी चालणाऱ्या स्वोर्डमास्टरला या सगळ्यात काय काम उरतं? नुसतं छान दिसण्याचं.

मग होतं असं की कुठलंही पोर घ्या, कुऱ्हाड आणि फ्लाइंग शिकवा, तिसाव्या लेव्हलला वायव्हर्न लॉर्डची परीक्षा पास करा, चालतंय. आणि म्हणूनच टियर लिस्टमध्ये जो वर तो खरं तर "वायव्हर्नवर चांगला बसतो" म्हणून वर असतो. एडेलगार्डला स्वतःचा एम्परर क्लास आहे, चिलखतात काय रुबाबदार दिसते, आणि निम्मी जनता तिला त्यातून काढून वायव्हर्नवर बसवते कारण चिलखतातले पाय चालत नाहीत. सगळ्या भाज्यांना एकच गोडा मसाला घातल्यासारखं होतं हे, पोट भरतं पण वांगं कुठलं नि दोडका कुठला ते कळत नाही.

तर तुझा ॲश कमकुवत नाहीये, त्याला चुकीच्या मापाने मोजलंय. त्याला वायव्हर्नवर बसवलंस तर तो हाउसच्या म्होरक्या दिमित्रीपेक्षा फिका दिसणारच. त्याला स्नायपर कर. स्नायपर क्लास मास्टर केला (वापरून वापरून पुरा केला) की हंटर्स व्हॉली मिळतं, एकाच हल्ल्यात दोन बाण, तेही लांबून, आणि यात समोरच्यापेक्षा स्पीड जास्त असायची गरजच नाही. मॅडनिंगवर आपलं सगळ्यात मोठं रडगाणं काय असतं, की शत्रू आपल्याला डबल करतो (स्पीडच्या जोरावर दोनदा मारतो) आणि आपण त्याला करू शकत नाही. हंटर्स व्हॉलीने ते रडगाणंच संपतं. त्याआधी दहाव्या लेव्हलनंतर थोडे दिवस ब्रिगँड ठेव म्हणजे डेथ ब्लो मिळेल, हल्ला आपण सुरू केला की स्ट्रेंथ +6. मग आर्चर मास्टर कर, हिट +20. ॲशला कुऱ्हाड जड जात नाही, त्यामुळे ब्रिगँडची परीक्षा पास व्हायला त्रास नाही. एवढं केलंस तर तो बेंचवर बसणार नाही, लिहून देते.

मठातलं_मांजर

गिल्बर्टबद्दल कोणी काहीच विचारत नाही. बिचारा आपणहून टीममध्ये येतो, आपणहून बेंचवर जाऊन बसतो.

डियर_ते_डियरच

वहिनी, बाकी सगळं मान्य पण "पात्रांचा बॅलन्स ठीक आहे" हे लिसिथियाकडे बघून पुन्हा एकदा म्हणून दाखवा बरं.

या मुलीकडे काय नाही? दोन क्रेस्ट, म्हणजे रक्तातून येणाऱ्या शक्तीच्या खुणा. पर्सनल स्किल मास्टरमाइंड, म्हणजे लढताना स्किलचा अनुभव दुप्पट मिळतो, म्हणजे बाकीची पोरं अजून मूळाक्षरं गिरवत असतात तेव्हा हिची रीझन (हल्ल्याची जादू) एकदम वरच्या ग्रेडला. डार्क स्पाइक्स घोडेस्वारांवर खास चालतो, त्यामुळे तो डेथ नाइट, ज्याला बघून आपण पहिल्यांदा खेळताना कोपऱ्यात लपून बसतो, त्याला ही केक खाता खाता उडवते. आणि हे कमी पडलं म्हणून फेथमध्ये (बरं करायच्या जादूत) वॉर्प. वॉर्प म्हणजे कुणालाही उचलून मॅपच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याची रेंज कशावर ठरते तर मॅजिकवर, जे हिच्याकडे पोत्याने आहे. वर लोरेन्झच्या पॅरालॉगमधून (त्याच्या जोडमिशनमधून) थर्सस नावाची काठी मिळवलीस तर जादूची रेंज अजून +2. ती लोरेन्झच्या घराण्याची वस्तू आहे, पण क्रेस्ट हिच्याकडेही आहे आणि लोरेन्झपेक्षा हिच्या हातात जास्त शोभते. लोरेन्झ बिचारा चहा पीत बसतो.

आता कोणी म्हणेल की तिला एक फटका बसला तर मेली. हो, पण फटका बसायला समोरचा जिवंत तर राहिला पाहिजे ना. या गेममध्ये आपल्या टर्नमध्ये मारण्याला जेवढी किंमत आहे तेवढी त्यांच्या टर्नमध्ये टिकण्याला नाही, आणि मॅडनिंगवर तर अजिबातच नाही कारण नव्या कुमक तुकड्या येतात त्या आल्या आल्या त्याच टर्नला हल्ला करतात. डेडूसारखा भिंत बनून उभा राहणारा गडी त्यामुळेच मागे पडतो. भिंतीला सगळे मिळून दोन-दोनदा मारतात.

पण एक सांगतो, तिला नुसती तोफ म्हणून वापरणारे लोक तिचे सपोर्ट, म्हणजे दुसऱ्या पात्रांशी होणारे संवाद, बघतच नाहीत. ही पोरगी एवढी घाई का करते, एवढा अभ्यास का करते, लहान म्हटलं की का चिडते, ते कळल्यावर तो मास्टरमाइंड स्किल वेगळाच दिसायला लागतो. तिच्याकडे वेळच कमी आहे म्हणून ती दुप्पट वेगाने शिकते. गेमच्या आकड्यात गोष्ट लपवणं म्हणतात ते हे, आणि असं या गेममध्ये बऱ्याच ठिकाणी केलंय. फेलिक्सचा लोन वुल्फ घे. बटालियन (सोबतची तुकडी) नसेल तर डॅमेज +5, म्हणजे ज्याला माणसं नको असतात तो माणसं नसतानाच भारी. बर्नाडेटाला थोडं लागलं की ती जास्त जोरात मारते कारण जगच आपल्या मागे लागलंय असं तिला आधीपासून वाटतंय. म्हणून मी टियर लिस्टला फार किंमत देत नाही, पण लिसिथियाला आण. ब्लू लायन्समध्येही येते, बायलेथचं, म्हणजे आपण जो मास्तर असतो त्याचं, मॅजिक आणि फेथ वाढव, सपोर्ट वाढव, सुटतं काम.

सरळ_सरळ_सिल्व्हेन

वरच्या दोन्ही पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली. तुम्ही सगळे तिसाव्या लेव्हलच्या गप्पा मारताय. मॅडनिंगमध्ये माणूस मरतो तो पहिल्या सात-आठ चॅप्टरमध्ये, तेव्हा ना वायव्हर्न असतो ना हंटर्स व्हॉली, स्नायपरलाच विसावी लेव्हल लागते. त्या काळात क्लास सगळ्यांचे सारखेच फालतू असतात आणि तेव्हा पात्रापात्रांतला फरक उघडा पडतो. तेव्हा डेडू सोनं आहे. पहिल्या काही मॅपवर एखादा फटका खाऊन उभा राहणारं दुसरं कोण आहे तुमच्याकडे? आणि ॲशसुद्धा, कर्व्ड शॉट देऊन लांबून टोचत राहायला, उलट मार न खाता. गंमत म्हणजे टियर लिस्टवाले ज्यांना शेवटी नावं ठेवतात तेच सुरुवातीला वाचवतात. मग सोय झाली की त्यांना बेंच. ऑफिसात बघितलंय असलं.

आणि क्लासबद्दल बोलताच आहात तर जेंडर लॉकबद्दल कोणी का बोलत नाही? पेगॅसस नाइट, फाल्कन नाइट, ग्रेमरी फक्त बायकांना. ग्रॅपलर, वॉर मास्टर, हिरो फक्त पुरुषांना. कागदावर समान वाटणी. पण पेगॅसस नाइट मास्टर केला की डार्टिंग ब्लो मिळतो, हल्ला आपण केला की अटॅक स्पीड +6, आणि डबल करायला चारचा फरक लागतो, म्हणजे +6 म्हणजे अख्खी लॉटरी आहे. ती इंग्रिडला मिळते, आमच्या सिल्व्हेनला नाही. ग्रेमरी झाली की जादूचे वापर दुप्पट, म्हणजे दुप्पट वॉर्प. लिन्हार्टलाही वॉर्प येतो, पण तो बिचारा झोपाळू, त्याला ग्रेमरी होता येत नाही. पुरुषांना त्या बदल्यात काय, तर वॉर मास्टर. तो वाईट नाही हो, पण पायी आहे. परत तेच, पाय.

डेडूला मात्र तोच कर. फ्लाइंग त्याला जमत नाही, उगाच वायव्हर्नच्या नादी लागू नकोस. गॉन्टलेट घातले की आपण हल्ला केल्यावर सलग दोन फटके, स्पीड कितीही असो. ब्रॉलिंग आणि ॲक्स दोन्ही त्याच्या हातचे. म्हणजे वहिनींनी ॲशबद्दल सांगितलं तेच तत्त्व: हळू माणसाला स्पीड देत बसायचं नाही, जिथे स्पीड लागतच नाही ते हत्यार द्यायचं.

एम्परर_समर्थक

सगळं ठीक पण ब्लू लायन्सच का? तीन हाउसमध्ये सगळ्यात रडकं हाउस. दिमित्री पाच वर्षं उंदीर मारत बसतो आणि मग सगळ्यांनी त्याची समजूत घालायची. एडेलगार्ड निदान काहीतरी करते. क्रेस्ट असेल तर माणूस, नसेल तर कचरा, ही पद्धत मोडायला तीच एकटी उभी राहते ना? सिल्व्हेनच्या भावाचं, मिक्लानचं, काय झालं आठवा. क्रेस्ट नाही म्हणून घरातून काढला आणि शेवटी घराण्याचा क्रेस्टवाला भाला हातात घेऊन त्याचं जनावर झालं. या प्रकाराला जबाबदार चर्चच. आणि खेळायला म्हणाल तर तिचा रेजिंग स्टॉर्म हा आर्ट (हत्याराचा खास वार), मारलं आणि लागलं की परत हलायला मिळतं, असला आर्ट दुसऱ्या कुठल्या लॉर्डकडे आहे?

मठातलं_मांजर

झालं. आला.

डियर_ते_डियरच

भाऊ, तुमच्या एम्परर मॅडमनी दुसऱ्या ग्रॉन्डरच्या वेळी मधल्या टेकडीला आग लावली होती, बर्नाडेटा वर उभी असताना. क्रेस्टची पद्धत मोडणं वगैरे सगळं मान्य, पण ती टेकडी बघितल्यावर मला तिच्या भाषणांचं काही ऐकावंसं वाटत नाही. आणि मदतीला घेतलं कोणाला, तर जमिनीखालच्या त्याच लोकांना ज्यांनी तिच्या भावंडांचा जीव घेतला. नंतर त्यांच्याकडे बघू म्हणते. ते बघणं तिच्या क्रिमसन फ्लॉवर रूटमध्ये आपल्याला खेळायलाही मिळत नाही, शेवटी चार ओळीत उरकलंय. 18 चॅप्टरचा रूट, ब्लू लायन्सचा अझ्युअर मून 22 चा. गोष्ट तिची सगळ्यात मोठी आणि जागा तिलाच सगळ्यात कमी, यात माझा राग तिच्यापेक्षा गेम बनवणाऱ्यांवर जास्त आहे.

एम्परर_समर्थक

टेकडीचा मुद्दा प्रत्येक वेळी काढता तुम्ही. युद्ध आहे ते. आणि तुमच्या गोल्डन डियरचा क्लॉड काय दूध का धुतलेला आहे, तिन्ही वेळा कुंपणावर बसून बघतो. 18 चॅप्टरबद्दल मात्र हात मिळवा, तिथे आपण एकाच बाजूला.

वायव्हर्नवाली_वहिनी

हे भांडण चालू ठेवायचं असेल तर नवीन धागा काढा रे, या बाबाला ॲशचं उत्तर पाहिजे होतं.

एक फक्त जोडते. फायर एम्ब्लेम एंगेज आला ना 2023 मध्ये, त्यात वेपन ट्रँगल परत आणला, वर ब्रेक म्हणून प्रकार, की योग्य हत्याराने मारलं तर समोरच्याला उलट मारताच येत नाही. नकाशे जास्त विचार करून केलेले, प्रत्येक टर्नला डोकं लावावं लागतं. डावपेच म्हणून तो गेम थ्री हाउसेसच्या पुढे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि तरी आज मला त्यातल्या पात्रांपैकी धड पाचांची नावं आठवायची तर थांबावं लागेल, आणि इथे मला मर्सेडीजचा सावत्र भाऊ कोण तेसुद्धा पाठ आहे. म्हणून म्हणते, बॅलन्स चांगला असता तर गेम जास्त आवडला असता असं काही नाही. मी मॅप खेळते ते पुढच्या महिन्यात मठात परत जाऊन कोणाचा सपोर्ट उघडला ते बघायला.

रात्रपाळीवाला

बाप रे, एवढं सगळं. धन्यवाद सगळ्यांना.

वहिनी, ब्रिगँड, मग आर्चर, मग स्नायपर, लिहून घेतलं. सिल्व्हेनराव, डेडूचं पटलं, त्याला आत्तापर्यंत चिलखत घालून दारात उभा करत होतो आणि दर मॅपला दोनदा डिव्हाइन पल्स (वेळ मागे न्यायची सोय) त्याच्यापायी जायचा.

पण ॲनेटबद्दल कोणी काहीच नाही बोललं. ती मॅज आहे, डॅमेज बरा करते, पण लिसिथिया आणली तर ॲनेटचं काम काय उरतं? तिची आणि फेलिक्सची ती गाण्यांवरून जुंपते ते सपोर्ट मला शेवटपर्यंत बघायचेत. नुसतं त्यासाठी एक जागा अडवून ठेवणं मॅडनिंगवर परवडेल का? आणि दिमित्रीला काय करू, तो आत्ता तरी सगळ्यात भरवशाचा आहे.

सरळ_सरळ_सिल्व्हेन

दिमित्रीला काही करू नकोस, तो स्वतःच करतो सगळं. तरी सांगतो: मर्सिनरी मास्टर केला की व्हँटेज, वॉरियर मास्टर केला की रॅथ. एचपी अर्ध्यावर आलं की शत्रूने हल्ला केला तरी पहिला वार याचा, आणि क्रिट +50. याला गर्दीच्या मधोमध उभा करायचा आणि एंड टर्न दाबायचं. एक एक जण येतो आणि मरतो. दुसऱ्या भागातल्या दिमित्रीला हे इतकं शोभतं की बॅलन्सची तक्रार करावीशी वाटत नाही. फक्त जादूवाले आणि लांबून बाण मारणारे येतात तेव्हा उलट मारायची रेंज त्याच्याकडे आहे का ते बघून ठेव, नाहीतर सगळा थाट तिथेच संपेल.

कोपऱ्यातली_बर्नी

मी बहुतेक वेळा वाचूनच जाते पण ॲनेटसाठी लिहिते.

तिला मॅज म्हणून मोजू नका. लिसिथियाशी तुलना केली की ती हरणारच, आणि दोघींना एकच काम द्यायची गरजही नाही. ॲनेट रॅलीवाली आहे, म्हणजे शेजारच्याला तेवढ्यापुरती ताकद वाढवून देणारी. ऑथॉरिटी (नेतृत्वाचं स्किल) वाढवत नेली की तिला रॅली स्पीड मिळते, पुढे रॅली मूव्हमेंट मिळते, आणि तिचं पर्सनल स्किल असं की कुठलीही रॅली केली तरी सोबत स्ट्रेंथ +4 जाते. म्हणजे ती ज्याच्या शेजारी उभी राहील तो त्या टर्नला वेगळाच माणूस असतो. आता वरती सगळे मूव्हमेंट, स्पीड, डबल याच्यावरच बोलतायत ना, मग ते दुसऱ्याला वाटणारी पोरगी खालच्या टियरला कशी? कारण टियर लिस्ट बनवणारे बघतात की कोणी किती मारले. हिने कोणालाच मारलेलं नसतं, हिच्यामुळे दिमित्रीने मारलेलं असतं. जी सगळ्यांपेक्षा जास्त मेहनत करते आणि तरी आपण कमी पडतो असं जिला वाटतं तिला असं काम मिळावं, हे आवडतं मला. जमलं तर कुऱ्हाडही शिकव थोडी, लायटनिंग ॲक्स नावाचा आर्ट मॅजिकवर चालतो, ज्या चिलखतवाल्यांचा डिफेन्स फुटत नाही त्यांच्यावर कामाला येतो.

आता दोन गोष्टी ज्या तू करायलाच हव्यास, आणि त्या आवडीनिवडीच्या नाहीत.

पहिली, डेडूचा पॅरालॉग. पाच वर्षांची उडी पडायच्या आधी, म्हणजे पहिल्या भागातच तो संपव. नाही केलास तर दुसऱ्या भागात डेडू परत येत नाही, कायमचा गेला. केलास तर मिर्डिनच्या पुलाच्या लढाईत येतो. ते येणं बघायलाच हवं, बाकी काही सांगत नाही.

दुसरी, तेराव्या चॅप्टरची लढाई, हंटिंग बाय डेब्रेक. फक्त बायलेथ आणि दिमित्री दोघंच मॅपवर असतात आणि चारी बाजूंनी दरोडेखोर. बाकीचे नंतर वेगवेगळ्या कोपऱ्यांतून येतात आणि जे येतात ते आपलेच, ब्लू लायन्सवाले. लिसिथिया नाही, शमीर नाही. लोक टियर लिस्ट बघून अर्धा वर्ग बाहेरून आणतात, आपली पोरं बेंचवर कुजवतात, आणि इथे येऊन बघतात तर ॲश, ॲनेट, मर्सेडीज तशाच कमी लेव्हलला दरोडेखोरांच्या तोंडाशी उभे. क्लासिक मोडवर (मेला तो कायमचा गेला) असशील तर तिथे माणसं जातात. म्हणजे तुझा हट्ट मॅडनिंगवर परवडतो का विचारत होतास, तर तो न केल्याचं बिल इथे येतं. ज्यांना रोज खेळवणार नाहीस त्यांना निदान ॲडजुटंट म्हणून कोणाच्या तरी मागे लाव, एक्सपीचा थोडा वाटा मिळत राहतो.

मठातलं_मांजर

त्या मॅपवर गिल्बर्टपण येतो. त्याच्याबद्दलही दोन शब्द चांगले बोला कोणीतरी.

कोपऱ्यातली_बर्नी

ॲनेटचा बाप आहे तो. बायको-मुलीला न सांगता घर सोडून निघून आला, आणि रोज तिच्यासमोरून जाताना खाली मान घालतो. चांगले शब्द पुढच्या वेळी.

डियर_ते_डियरच

बर्नीताईंचा मुद्दा बरोबर आहे, तरी लिसिथियावर मी ठाम आहे. तेराव्यात नाही आली तर नाही आली, उरलेले नऊ चॅप्टर ती कुणालाही एका टर्नमध्ये सेनापतीच्या नाकासमोर नेऊन ठेवते. शिवाय ॲनेट आणि लिसिथिया दोघी एकत्र ठेवल्या तर ॲनेट रॅली करणार आणि लिसिथिया फेकणार, भांडण कुठे आहे? जागा करायचीच असेल तर इंग्रिड आणि सिल्व्हेनपैकी एकाला कमी कर.

सरळ_सरळ_सिल्व्हेन

नाव बघून बोलत जा रे.

रात्रपाळीवाला

ठरलं मग. डेडूचा पॅरालॉग आज रात्रीच, ॲनेटची ऑथॉरिटी या आठवड्यापासून, लिसिथियाशी चहापार्टी चालू करतो, सिल्व्हेन राहतोय, काळजी नसावी. इंग्रिडला पेगॅससवर ठेवतोय, डार्टिंग ब्लोचं वाचून.

जाता जाता शेवटचं. नवव्या चॅप्टरला व्हाइट हेरॉन कप येईल, एकालाच डान्सर करता येतं. कोणाला पाठवू? मनात ॲश आहे. हसू नका.

वायव्हर्नवाली_वहिनी

नाही! आत्ता एवढं स्नायपरचं पुराण सांगितलं ना तुला. डान्सर झाला की तो प्रत्येक टर्नला दुसऱ्याला परत हलवण्यात जाणार, बाण मारणार कधी? मर्सेडीजला पाठव. बरं करायला मागे उभी असतेच, कोणाला बरं करायचं नसेल त्या टर्नला नाचेल. चार्म तेवढा बघून घे आधी, कमी असेल तर दोन-तीन चहापार्ट्या होऊ देत, ॲशच्या वाटणीच्या तिच्यावर खर्च कर.